सर्व्हरची साक्ष

सर्व्हर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात तोवर त्यांच्याविषयीची सगळी माहिती ते सांभाळणाऱ्याच्या डोक्यात मावते. डेटाबेस कोणत्या यंत्रावर आहे, कोणत्या यंत्राची डिस्क मागाहून वाढवली आहे, कोणते यंत्र महिनाअखेरीस रीबूट करायचे नाही, हे सारे त्याला तोंडपाठ असते, आणि त्याने लिहिलेल्या शेल स्क्रिप्टमध्ये ते ज्ञान कुठेही न नोंदवता गृहीत धरलेले असते. संख्या शेकड्यांत गेली आणि सांभाळणारे हात बदलले की ही गृहीतके एकेक करून उघडी पडतात. कॉन्फिगरेशनचे स्वयंचलन करणारी साधने आपण याच टप्प्यावर जवळ करतो, आणि ती वापरू लागल्यावर ध्यानात येते की सर्व्हरला काही करायला सांगण्याआधी त्याला पुष्कळ काही विचारावे लागते. सांगण्याच्या बाजूविषयी, म्हणजे प्लेबुक, मॅनिफेस्ट या सूचनांच्या फाइली आणि टेम्प्लेट हे कॉन्फिगरेशनचे साचे यांच्याविषयी, आपण तासन्‌तास बोलतो. विचारण्याची बाजू, म्हणजे यंत्राने स्वतःविषयी सांगितलेली माहिती किंवा ‘फॅक्ट’ गोळा करण्याची, मात्र बहुधा उरकून टाकली जाते. मला या कामात सर्वाधिक गुंतवून ठेवले ते मात्र याच बाजूने.

ही गरज नवी नाही. मार्क बर्जेस यांनी १९९३ साली ओस्लो विद्यापीठात सीएफइंजिन हे अशा प्रकारचे साधन लिहिले, आणि त्यात यंत्राची ओळख ‘क्लास’च्या रूपाने जाहीर होण्याची सोय होती: ऑपरेटिंग सिस्टीम कोणती, यंत्राचे नाव काय, वार कोणता, नियम या क्लासवर बेतलेले असत. २००५ मध्ये आलेल्या पपेटने हे काम फॅक्टर नावाच्या वेगळ्या प्रोग्रॅमकडे सोपवले, २००९ च्या शेफने ओहायकडे. २०११ च्या सॉल्टने अशा माहितीला ग्रेन्स म्हटले आणि २०१२ साली अवतरलेल्या ॲन्सिबलने सेटअप नावाच्या मॉड्यूलमध्ये ती जुळणी बसवली. नावे आणि भाषा वेगवेगळ्या असल्या तरी क्रम सगळीकडे एकच आहे: आधी यंत्राकडून त्याची हकीकत घ्यायची, मग त्या हकिकतीच्या आधारे त्याच्यात बदल करायचे.

ॲन्सिबलचे सेटअप मॉड्यूल एखाद्या सर्व्हरवर नुसते चालवून पाहिले तर पडद्यावर शेकडो ओळी धावत जातात. हा मजकूर एकदा तरी सावकाश वाचावा, असे मी नव्याने या कामात आलेल्या प्रत्येकाला सांगतो. यातले बहुतेक ज्ञान कर्नलने, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याने, आधीच मांडून ठेवलेले असते: प्रोसेसरची माहिती ‘प्रॉक’ या डिरेक्टरीखालच्या सीपीयूइन्फो या फाइलीतून येते, स्मृतीची (रॅमची) मेमइन्फोतून, लिनक्स वितरणाचे नाव ‘एटसी’ या डिरेक्टरीतल्या ओएस-रिलीज या फाइलीतून, आणि यंत्राचा निर्माता, मॉडेल, अनुक्रमांक या गोष्टी बायोसने भरून ठेवलेल्या एसएमबायोसच्या तक्त्यातून. म्हणजे साधन स्वतः फारसे काही जाणत नाही. ते ठिकठिकाणचे कागद गोळा करून एकाच फायलीत लावणाऱ्या कारकुनाचे काम करते. कागदावर चुकीचे लिहिले असेल तर फायलीतही चुकीचेच येते.

याची दोन उदाहरणे कायम भेटतात. पहिले अनुक्रमांकाचे. कितीतरी मदरबोर्डांवर अनुक्रमांकाची जागा निर्मात्याने भरलेलीच नसते आणि तिथे ‘टू बी फिल्ड बाय ओईएम’ हेच शब्द छापील नमुन्यासारखे पडून राहिलेले असतात. अनुक्रमांक ही यंत्राची खूण मानून कोणी यादी तयार केली, तर त्या यादीत डझनभर यंत्रे एकाच नावाची निघतात आणि शेवटी नोंदवलेले यंत्र आधीच्या सगळ्यांना पुसून टाकते. दुसरे उदाहरण स्मृतीचे. सोळा जीबी स्मृती असलेला सर्व्हर आपली एकूण स्मृती १६,३८४ एमबी सांगत नाही; कर्नल आणि फर्मवेअर यांनी राखून ठेवलेला भाग वजा होऊन मेमइन्फोत येणारा आकडा त्याहून काही शे एमबीने कमी असतो. त्यामुळे ‘स्मृती १६,३८४ किंवा अधिक असेल तर मोठे कॉन्फिगरेशन लाव’ अशी अट लिहिली की ती नेमकी सोळा जीबीच्या सर्व्हरवरच फसते, आणि ती फसल्याचे कोणाला कळतही नाही. सर्व्हर लहान कॉन्फिगरेशनवर निमूटपणे चालत राहतो. कंटेनरमध्ये, म्हणजे यजमान यंत्राच्या आत वेगळ्या चालणाऱ्या कप्प्यात, तर याच्या उलट होते: तिथली मेमइन्फो सहसा यजमान यंत्राची सगळी स्मृती दाखवते, आणि कंटेनरला खरोखर मिळालेली मर्यादा कर्नलच्या सीग्रुप या वाटप-यंत्रणेच्या मेमरी-मॅक्स या फाइलीत वेगळी लिहिलेली असते. प्रश्न कुठे उभे राहून विचारला, यावर उत्तर ठरते.

तयार मिळणाऱ्या माहितीची ही तऱ्हा. पण ती कितीही बिनचूक असली तरी एका मर्यादेपलीकडे जात नाही, कारण यंत्र कशाचे बनले आहे ते ती सांगते. ते कशासाठी आहे, त्याच्यावर आपला कोणता कार्यक्रम कोणत्या आवृत्तीचा चालतो, त्याच्या प्रमाणपत्राची मुदत कधी संपते, ते आत्ता मुख्य डेटाबेस आहे की प्रतिकृती, हे तिला ठाऊक नसते. हे प्रश्न प्रत्येक संस्थेचे वेगळे असतात, म्हणून त्यांची उत्तरे मिळवण्याची तजवीज साधने आपल्यावर सोपवतात. स्वतःचे फॅक्ट, म्हणजे कस्टम फॅक्ट, ते हेच.

ॲन्सिबलमध्ये ही तजवीज इतकी साधी आहे की तिच्याकडे दुर्लक्ष व्हावे. ज्या सर्व्हरचे काम करायचे आहे त्याच्याच ‘एटसी’मध्ये, ॲन्सिबल या डिरेक्टरीखाली, फॅक्ट्स-डॉट-डी नावाची डिरेक्टरी करायची आणि तिच्यात डॉट-फॅक्ट असे शेपूट असलेली फाइल ठेवायची. फाइल आयएनआय स्वरूपातली (दर ओळीत एक किल्ली, म्हणजे नाव, आणि तिची किंमत) असो वा जेसन या माहिती मांडण्याच्या स्वरूपातली, ती वाचली जाते. आणि फाइलीला चालवण्याची परवानगी असेल तर ती वाचण्याऐवजी चालवली जाते आणि तिने छापलेले जेसन उचलले जाते. पुढे प्लेबुकमध्ये ही सगळी माहिती ‘ॲन्सिबल-लोकल’ या नावाखाली, फाइलीच्या नावाने, हाती येते. एवढेच.

पण एवढ्यातही ठेच लागायला पुरेशा जागा आहेत. आयएनआय फाइलीत लिहिलेल्या किल्ल्या वाचताना लहान लिपीत बदलल्या जातात, त्यामुळे मोठ्या अक्षरात लिहिलेले नाव प्लेबुकला सापडत नाही. आयएनआयमधली प्रत्येक किंमत ही अक्षरांची माळ असते. तिथे लिहिलेला ‘फॉल्स’ हा नकार नसून पाच अक्षरे असतात, आणि अट तपासण्यापूर्वी त्याचे बूलियनमध्ये, म्हणजे खऱ्या हो-नाहीत, रूपांतर करावे लागते. मी म्हणूनच आयएनआयच्या वाटेला जात नाही. तिसरी जागा परवानगीची: कोणी सगळ्या डिरेक्टरीला सरसकट ७५५ ही चालवण्याचीही मुभा देणारी परवानगी लावली की नुसते जेसन असलेली निरुपद्रवी फाइलसुद्धा चालवण्याजोगी ठरते, ॲन्सिबल तिला चालवायला जाते आणि कंसाने सुरू होणारी ती फाइल स्क्रिप्ट म्हणून अर्थातच कोसळते. मजकुरात एका अक्षराचाही फरक नसतो, म्हणून शोधणारा मजकुरातच डोळे घालून बसतो.

पपेटमध्ये दोन वाटा आहेत. एक म्हणजे मॉड्यूलमध्ये रूबी भाषेत फॅक्ट लिहायचे. ते प्लगइन-सिंकच्या मार्गाने आपोआप प्रत्येक यंत्रावर पोहोचते, आणि ‘कन्फाइन’ लावून ते कोणत्या यंत्रांवर चालावे हे आखता येते. दुसरी म्हणजे बाहेरचे फॅक्ट: यामल, जेसन किंवा साधी मजकूर फाइल, नाहीतर नाव आणि किंमत यांच्या जोड्या छापणारी कोणत्याही भाषेतली स्क्रिप्ट. सॉल्टमध्ये ग्रेन्स पायथनमध्ये लिहिता येतात किंवा ‘एटसी’तल्या सॉल्टच्या डिरेक्टरीत ग्रेन्स नावाच्या फाइलीत नुसते नोंदवता येतात. शेफमध्ये ओहायचे प्लगइन लिहावे लागते, आणि तिथली एक गोष्ट मला विशेष आवडते: ओहायने गोळा केलेले गुणधर्म अग्रक्रमात सगळ्यांच्या वर असतात, कुकबुकमध्ये किंवा रोलमध्ये, म्हणजे शेफच्या सूचनांमध्ये, काहीही लिहिले तरी ते त्यांच्यावर मात करू शकत नाही. यंत्रावर जे दिसले ते कागदावरच्या इच्छेने खोडता येणार नाही, अशी ही भूमिका आहे.

माझ्या दृष्टीने या विषयाचा सगळा कस इथे लागतो. आपल्याकडच्या तर्कशास्त्रात ज्ञानाची साधने वेगवेगळी धरली आहेत, प्रत्यक्ष, अनुमान, शब्द अशी, आणि कोणते ज्ञान कोणत्या वाटेने आले यावरून त्याचा भरवसा ठरवला आहे. फॅक्ट लिहिताना नेमके हेच विचारावे लागते. जेसनमध्ये सगळ्या किंमती सारख्याच दिसतात. त्यांतली एक आत्ता यंत्राकडे पाहून आली, दुसरी नावावरून ताडली गेली आणि तिसरी कोणीतरी कधीतरी फाइलीत लिहून ठेवली होती, हा भेद छापलेल्या मजकुरात उरत नाही. तो भेद फॅक्ट लिहिणाऱ्यानेच जपायचा असतो.

सर्वांत जास्त गोंधळ तिसऱ्या प्रकारातून होतो. स्थिर फाइल ठेवण्याची सोय असल्यामुळे लोक तिच्यात ‘भूमिका: वेब’, ‘पर्यावरण: प्रॉडक्शन’ (खऱ्या ग्राहकांसाठी चालणारे) अशा गोष्टी लिहून ठेवतात. हे यंत्राचे निरीक्षण नव्हे. ही आपलीच इच्छा आहे, ती आपण यंत्राच्या खिशात घालतो आणि मग त्याच्याकडूनच ती ऐकून घेतो. सर्व्हर पहिल्यांदा उभा केला तेव्हा ती खरी असते. पुढे त्या यंत्राचा स्नॅपशॉट, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, घेतला जातो, त्यावरून चाचणीसाठी दुसरे यंत्र उभे केले जाते, आणि खिशातली चिठ्ठीही सोबत जाते. मी जवळून पाहिलेल्या एका ठिकाणी असे चाचणीचे यंत्र स्वतःला प्रॉडक्शन म्हणवत होते. ऑटोमेशनने त्याच्या शब्दावर विश्वास ठेवून खऱ्या ग्राहकांना मेल पाठवणारे कॉन्फिगरेशन त्याच्यावर बसवले होते, आणि ही गोष्ट बाहेर पडली ती मेल गेल्यानंतर. साधनाने काहीच चुकीचे केले नव्हते. साक्षीदाराला पढवून ठेवले होते आणि नंतर साक्षीदारच बदलला होता. नक्कल करताना ‘एटसी’तला मशीन-आयडी, म्हणजे यंत्राचा ओळख-क्रमांक, रिकामा करावा लागतो हे आता बहुतेकांना ठाऊक असते, आपण स्वतः पेरलेल्या फॅक्टच्या फाइलीही त्याच यादीत असाव्यात हे फारसे कोणाच्या लक्षात येत नाही.

म्हणून मी भूमिका आणि पर्यावरण यंत्रावर ठेवत नाही. ते इन्व्हेंटरीत, म्हणजे ऑटोमेशनच्या बाजूला असलेल्या यंत्रांच्या यादीत, आवृत्ती-नियंत्रणाखाली असते. तिथे बदल कोणी केला, कधी केला, कोणी पाहून मान्य केला याची नोंद राहते. यंत्रावरून येणारे फॅक्ट हे मी शक्यतो प्रत्यक्षापुरते राखतो. पोस्टग्रेस या डेटाबेसचे उदाहरण घ्या. कोणता सर्व्हर मुख्य आणि कोणता प्रतिकृती, हे फाइलीत लिहून ठेवणे सोपे आहे. पण मध्यरात्री फेलओव्हर झाला, प्रतिकृती मुख्य झाली, तरी फाइल आपली जुनेच सांगत राहते. त्याऐवजी फॅक्टच्या स्क्रिप्टने डेटाबेसलाच ‘तू रिकव्हरीत आहेस का’, म्हणजे प्रतिकृती म्हणून चालतो आहेस का, असे विचारावे. पीजी-इज-इन-रिकव्हरी हे फंक्शन त्याचे नेमके हो-नाही उत्तर देते. हातच्या कांकणाला आरसा कशाला? इच्छा इन्व्हेंटरीत आणि वस्तुस्थिती फॅक्टमध्ये अशी फारकत केल्यावर एक वरकड फायदाही होतो: दोन्हींची तुलना करता येते. इन्व्हेंटरी ज्याला मुख्य म्हणते तो स्वतःला प्रतिकृती म्हणत असेल, तर प्लेबुकने तिथेच थांबावे, पुढे एक पाऊलही टाकू नये. दोन्ही गोष्टी एकाच फाइलीतून वाचणाऱ्याला ही विसंगती कधीच दिसणार नाही, कारण त्याच्याकडे एकच बाजू आहे.

अनुमानाविषयी थोडक्यात सांगता येईल. यंत्राच्या नावात ‘डीबी’ आहे म्हणून तो डेटाबेस, हे ताडणे रेग्युलर एक्स्प्रेशनच्या, म्हणजे मजकुरातला नमुना शोधणाऱ्या सूत्राच्या, एका ओळीचे काम आहे आणि म्हणूनच मोहाचे आहे. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, असे सर्व्हर प्रत्येक मोठ्या जाळ्यात असतात. कधीकाळचा डेटाबेस आता बॅकअप साठवतो आणि नाव बदलणे जिकिरीचे म्हणून नाव तेच राहिलेले असते. ताडायचेच असेल तर ते एकाच ठिकाणी, उघडपणे, इन्व्हेंटरी तयार करताना ताडावे. ते फॅक्ट म्हणून यंत्राच्या तोंडी घालू नये.

याला सुरक्षेची एक बाजू आहे आणि ती मला सर्वांत गंभीर वाटते. फॅक्ट यंत्र स्वतः सांगते. म्हणजे त्या यंत्रावर ज्याचा ताबा तो फॅक्टमध्ये वाटेल ते सांगू शकतो. समजा, ‘जो स्वतःला डेटाबेस म्हणेल त्याला डेटाबेसचा पासवर्ड दे’ असा नियम लिहिला, तर कोपऱ्यातल्या एखाद्या दुर्लक्षित वेब सर्व्हरवर घुसलेल्या माणसाला फक्त एक फाइल लिहायची असते. सॉल्टच्या दस्तऐवजात याविषयी स्पष्ट इशारा आहे: मिनियन, म्हणजे सॉल्टच्या देखरेखीखालचे यंत्र, आपले ग्रेन्स स्वतः ठरवू शकतो, म्हणून पिलर, म्हणजे मध्यवर्ती यंत्राकडची गुप्त माहिती, कोणाला मिळावे हे ग्रेन्सवरून ठरवू नये. पपेटने यावर ‘ट्रस्टेड’ फॅक्ट्सचा तोडगा काढला. ही माहिती यंत्राच्या बोलण्यातून घेतली जात नाही. सर्टिफिकेट अथॉरिटीने सही केलेल्या प्रमाणपत्रातून ती घेतली जाते, आणि भूमिका प्रमाणपत्राच्या विस्तारातच कोरलेली असेल तर ती नंतर यंत्रावर बसून बदलता येत नाही. ॲन्सिबलमध्ये नियंत्रण मध्यवर्ती यंत्राकडे असल्याने धोका थोडा वेगळ्या आकाराचा आहे, पण ‘ॲन्सिबल-लोकल’मधून आलेली माळ जशीच्या तशी शेल आज्ञेत ओवणे तिथेही आत्मघातकी आहे. गुपिते द्यायची की नाही हा प्रश्न ज्याच्याविषयी आहे, त्याच्याच साक्षीवर तो सोडवू नये.

आता प्रत्यक्ष लिहिण्याकडे येतो, कारण तत्त्व पटले तरी हात स्क्रिप्टवरच बसतो. रीबूटची गरज आहे का, हे सांगणारे फॅक्ट घेऊ. डेबियन आणि उबुंटू यांच्यावर पॅकेज बसवणारी यंत्रणा गरज पडली की ‘व्हार-रन’मध्ये रीबूट-रिक्वायर्ड नावाची फाइल ठेवते, रेड हॅटच्या कुळात नीड्स-रीस्टार्टिंग ही आज्ञा ‘आर’ पर्यायासह चालवली तर रीबूट हवे असताना ती १ हा एक्झिट कोड, म्हणजे आज्ञा संपताना मिळणारा आकडा, देते. दोन फांद्यांची, दहा-बारा ओळींची स्क्रिप्ट. पण रेड हॅटच्या यंत्रावर ती आज्ञा बसवलेलीच नसेल तर? शेल तेव्हा १२७ हा कोड देतो. ‘शून्य नाही म्हणजे रीबूट हवे’ असे लिहिले असेल तर साधन नसलेले प्रत्येक यंत्र रीबूट मागू लागेल. ‘एक असेल तरच हवे’ असे लिहिले असेल तर तीच यंत्रे सुखरूप असल्याचे भासेल. दोन्ही उत्तरे खोटी आहेत. खरे उत्तर ‘माहीत नाही’ हे आहे आणि जेसनमध्ये त्यासाठी नल आहे. हो, नाही आणि माहीत नाही, या तिन्हींना जागा नसलेले फॅक्ट मी पुनरावलोकनात परत पाठवतो.

प्रमाणपत्राच्या मुदतीच्या फॅक्टमध्ये वेगळी मेख आहे. ओपनएसएसएल या प्रमाणपत्रे वाचणाऱ्या साधनाला विचारले की ते मुदत संपण्याची तारीख देते. तिच्यावरून ‘इतके दिवस उरले’ असा आकडा काढून देण्याचा मोह होतो, कारण प्लेबुकमध्ये तुलना सोपी होते. पण उरलेले दिवस हे विचारण्याच्या क्षणाशी बांधलेले असतात. तो आकडा कॅशमध्ये, म्हणजे पुन्हा विचारणे टाळण्यासाठी केलेल्या साठ्यात, पडून राहिला तर रोज थोडा थोडा खोटा होत जातो, तारीख मात्र खरीच राहते. त्याही पुढे जाऊन ‘नूतनीकरण हवे: हो’ असे फॅक्ट काही जण लिहितात. तिथे तर किती दिवस आधी नूतनीकरण करायचे हा धोरणाचा निर्णय शेकडो यंत्रांवरच्या स्क्रिप्टमध्ये पुरला जातो, आणि धोरण बदलले की त्या सगळ्या स्क्रिप्ट बदलाव्या लागतात. यंत्राने तारीख सांगावी. काय करायचे ते प्लेबुक ठरवील.

बाकी सवयी कोरड्या आहेत पण सांगायला हव्यात. स्क्रिप्टच्या सुरुवातीला लोकेल, म्हणजे यंत्राची भाषेची निवड, ‘सी’ करून घ्यावे, नाहीतर एखाद्या यंत्रावर आज्ञेचे उत्तर दुसऱ्याच भाषेत येते आणि मजकूर कापणारी ओळ फसते. जेसन हाताने जोडू नये. एखाद्या नावात अवतरणचिन्ह आले की ते मोडते. यादी छापायची तर ती क्रमाने लावून छापावी, म्हणजे काल आणि आज यांत खरा फरक असेल तेव्हाच फरक दिसेल. फॅक्टच्या स्क्रिप्टने यंत्रात काहीही बदलू नये, तात्पुरती फाइलसुद्धा मागे ठेवू नये, कारण माणसे ‘नुसते पाहून घेऊ’ म्हणून कोरड्या फेरीत प्लेबुक चालवतात तेव्हाही फॅक्ट गोळा होतातच. आणि त्यात पासवर्ड, टोकन असले काही कदापि येऊ नये. फॅक्ट कॅशमध्ये जातात, लॉगमध्ये उमटतात, पपेट वापरत असल्यास पपेटडीबीत साठतात, आणि जितके लोक ते वाचू शकतात तितक्यांना त्या गुपिताशी काही कर्तव्य नसते.

वेळेचा हिशेब मात्र सवयीवर भागत नाही. ॲन्सिबलच्या नेहमीच्या पद्धतीत प्रत्येक टप्प्यावर सगळ्या यंत्रांची वाट पाहिली जाते, म्हणून एका यंत्रावरची संथ फॅक्ट स्क्रिप्ट उरलेल्या सगळ्यांना ताटकळत ठेवते. नेटवर्कवरून जोडलेल्या डिस्कचा सर्व्हर मेलेला असेल तर तिथली जागा मोजायला गेलेली आज्ञा परततच नाही. क्लाउडमधील यंत्रे आपली माहिती १६९.२५४.१६९.२५४ या पत्त्यावर विचारू शकतात, पण तीच स्क्रिप्ट क्लाउडबाहेरच्या यंत्रावर गेली तर उत्तर देणारे कोणी नसते आणि ती मुदत संपेपर्यंत वाट पाहत बसते. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक आज्ञेपुढे टाइमआउट लावावा, तोही दोन-तीन सेकंदांचा. फॅक्ट गोळा करण्याचा संच आवळून किमान केला की आपल्या स्क्रिप्टही थांबतील असे काहींना वाटते. ॲन्सिबलमध्ये स्थानिक फॅक्ट्स त्या किमान संचातच मोडतात, त्यामुळे त्या चालतातच.

वेग वाढवण्यासाठी कॅश लावला जातो आणि मग शिळेपणाचा प्रश्न उभा राहतो. ॲन्सिबलच्या कॅशची मुदत ठरवली नाही तर ती ८६,४०० सेकंद, म्हणजे पूर्ण एक दिवस असते. प्रोसेसर एका दिवसात बदलत नाही. मुख्य डेटाबेस कोणता हे मिनिटात बदलते. एकाच कॅशमध्ये या दोन्ही गोष्टी ठेवणे मला पटत नाही, म्हणून झटकन बदलणारी गोष्ट मी फॅक्टमध्ये आणली तरी निर्णयाच्या क्षणी ती पुन्हा विचारतो. कॅश नसतानाही शिळेपणा असतोच, कारण फॅक्ट प्लेच्या, म्हणजे प्लेबुकच्या एका भागाच्या, सुरुवातीला गोळा होतात. त्याच प्लेमध्ये आपण नवे फॅक्ट नेऊन ठेवले तर पुढच्या कामांना ते दिसत नाही. सेटअप मॉड्यूल ‘ॲन्सिबल-लोकल’पुरते गाळून पुन्हा चालवावे लागते. नव्याकोऱ्या सर्व्हरवर तर पहिल्या फेरीत आपले फॅक्ट अस्तित्वातच नसते, आणि ‘ते असेलच’ असे धरून लिहिलेले प्लेबुक तिथे पहिल्याच अटीवर आपटते. पपेटमध्ये प्लगइन-सिंक फॅक्ट गोळा होण्याच्या आधी होतो, म्हणून हा पेच तिथे येत नाही. त्याचा एजंट एरवी दर ३० मिनिटांनी फेरी मारतो आणि प्रत्येक फेरीत फॅक्ट नव्याने घेतो. ॲन्सिबलवाल्यांनी फॅक्ट पोहोचवण्याचा स्वतंत्र प्ले सगळ्यांत आधी ठेवावा, हे उत्तम.

राहता राहिला काढून टाकण्याचा भाग, ज्याकडे कोणी वळत नाही. फॅक्ट जमत जातात. एखाद्या स्थलांतरासाठी लिहिलेले फॅक्ट स्थलांतर संपल्यावरही प्रत्येक फेरीत चालत राहते, कारण ते कोणी वाचते की नाही हे कोणालाच ठाऊक नसते आणि काढले तर काय मोडेल याची धास्ती असते. प्रत्येक फॅक्टच्या नावापुढे ते सांभाळणाऱ्या गटाचे नाव जोडावे, असा मी आग्रह धरतो. त्याने विचारायचे कोणाला हे तरी कळते. वाचणारा शोधण्यासाठी रेपॉझिटरीत, म्हणजे आपल्या प्लेबुकांच्या साठ्यात, ग्रेप या आज्ञेने शोध घ्यावा, टेम्प्लेट धरून, आणि डॅशबोर्ड किंवा अहवाल कॅशमधून परस्पर ते उचलत नाहीत ना हेही पाहावे. बहुतेक वेळा छुपा वाचक तिथेच निघतो. वाचणारा नाही असे ठरल्यावर नुसती रेपॉझिटरीतून फाइल काढून भागत नाही, कारण सर्व्हरवर गेलेली प्रत तशीच राहते आणि इमानेइतबारे उत्तरे देत राहते. म्हणून तिच्या जागी ‘ही फाइल नसावी’ असे काम प्लेबुकमध्ये लिहावे लागते, आणि ते काम मी बराच काळ काढत नाही, कारण दुरुस्तीसाठी बाजूला ठेवलेली, बंद करून ठेवलेली यंत्रे कधीतरी पुन्हा सुरू होतात आणि त्यांच्या फॅक्ट्स-डॉट-डीमध्ये ती जुनी फाइल अजून असते.